आधी पासपोर्ट विचारा, मग फी घ्या

परदेशात इंग्रजी शिकवण्याची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या संचालकांना खुले पत्र

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

तुमच्यापैकी काही संस्थांना मी याआधी खासगीत लिहिलं होतं. मागणी साधी होती. प्रवेशअर्जावर उमेदवाराचं राष्ट्रीयत्व विचारा आणि त्या पासपोर्टवर कुठल्या देशात इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मिळतो, कुठे मिळत नाही, हे फी घेण्याआधी त्याला सांगा. ज्यांनी उत्तर दिलं, त्या सगळ्यांचा सूर एकच होता: आमचं काम प्रशिक्षण देण्याचं, व्हिसा हा उमेदवार आणि दूतावास यांच्यातला प्रश्न आहे.

हे उत्तर मला मान्य नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या जाहिराती बघून फी भरायला निघालेल्यांपैकी बरेच जण हे पत्र मराठीत वाचतील. तुमच्यासाठी याचं इंग्रजी रूप वेगळं पाठवते आहे.

मी कोण, हे आधी सांगते. परदेशात इंग्रजी शिकवूनच मी आयुष्य उभं केलं. इंग्रजी माझी मातृभाषा नाही. संध्याकाळी कामावरून थकून येणाऱ्या प्रौढांना शिकवलं, परीक्षेच्या धास्तीने रडवेल्या झालेल्या मुलांना शिकवलं, आणि आता माझं बरंचसं काम नव्या शिक्षकांचे तास मागच्या बाकावर बसून पाहण्याचं आणि तासानंतर त्यांच्याशी बोलण्याचं आहे. या पेशावर माझं प्रेम आहे. चांगला प्रशिक्षणवर्ग माणसात काय बदल घडवतो हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे अभ्यासक्रमांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. जे सांगायला हवं ते न सांगता प्रवेश देण्याची जी रीत तुम्ही पाडली आहे, तिच्याविरुद्ध आहे.

सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत एक मुलगा होता. पदवीधर, इंग्रजी उत्तम, आवाज खणखणीत, मुलांमध्ये रमणारा. त्याने तुमच्यासारख्याच एका संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं होतं. त्याला दक्षिण कोरियात शिकवायचं होतं, आणि अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावर सोलच्या रस्त्यांचा फोटो होता. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्याने पदवीवर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, करून घेतलं, पोलिसांचा चारित्र्य दाखला काढला, ओळखीची व्हिडिओफीत तयार केली. रिक्रूटरने मुलाखत घेतली, कौतुक केलं, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागितली. त्यानंतर दोन ओळींचा निरोप आला: तुमच्या पासपोर्टवर हा व्हिसा मिळत नाही.

हा नियम त्याच्या मुलाखतीनंतर आलेला नव्हता. वर्षानुवर्षं सर्वांसमोर आहे. तो माहीत नसलेली त्या साखळीतली एकमेव व्यक्ती म्हणजे तो मुलगा. ज्यांना माहीत होता, त्यांनी त्याची फी घेतली होती.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ‘जगात कुठेही शिकवा’ असं तुम्ही छापता. ते खरं नाही, आणि ते किती खरं नाही हे देशागणिक सांगता येतं.

दक्षिण कोरियात परकीय भाषाशिक्षकांसाठी ई-2 व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी भारत आणि कोरिया यांच्यातल्या, 2010 पासून लागू झालेल्या आर्थिक करारात सहायक इंग्रजी शिक्षकाची एक वाट आहे. पण ती शाळांपुरती आहे आणि ज्यांच्याकडे पदवीबरोबर शिक्षकाची रीतसर पात्रता आहे त्यांच्यासाठी आहे. हागवॉन म्हणतात त्या खासगी शिकवण्यांत, जिथे बहुतेक जाहिराती असतात, ती वाट पोचत नाही. यातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट अशी की, त्या सात देशांच्या नागरिकाला हागवॉनमधल्या नोकरीच्या व्हिसासाठी तुमचं प्रमाणपत्र लागतच नाही, पदवी पुरते. बाकीच्यांना प्रमाणपत्र असूनही व्हिसा नाही. म्हणजे कोरियाचं स्वप्न दाखवून ते प्रमाणपत्र तुम्ही नेमकं त्याच माणसाला विकता, ज्याला तिथे त्याचा उपयोग नाही.

चीनचा नियम वेगळा, पण परिणाम जवळपास तोच. परदेशी भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी, तो त्या भाषेच्या देशाचा नागरिक असावा, पदवीधर असावा आणि गाठीशी दोन वर्षांचा अनुभव असावा, असा तिथल्या कामाच्या परवान्याचा सर्वसाधारण आधार आहे. आंतरराष्ट्रीय भाषाशिक्षक प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटू शकते. नीट पाहा: अनुभवाची अट सुटते, नागरिकत्वाची नाही. अपवाद आहेत, प्रांताप्रांतात अंमल वेगळा आहे, हे मला माहीत आहे. पण अपवादाला नियम म्हणून विकायचं नसतं.

जपानमध्ये देशांची अशी यादी नाही. तिथे खासगी संभाषणवर्गांसाठी पदवी बघतात. शाळांमध्ये शिकवण्यासाठी जो ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाचा व्हिसा लागतो, त्याला परकीय भाषा शिकवणाऱ्याचं किमान बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेच्या माध्यमातून झालेलं असावं लागतं. म्हणजे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीय किंवा फिलिपिनो उमेदवाराला तिथे खरी संधी आहे, आणि आपल्या भाषेत शाळा शिकलेल्याला, त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, तो दरवाजा कठीण आहे. प्रवेशअर्जावर एक प्रश्न विचारला असता तर हे दोन्ही उमेदवारांना पहिल्या दिवशी कळलं असतं. व्हिएतनाममध्ये पदवी आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. तिथे तुमच्या कागदाला अर्थ आहे. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सवलत लागते. युरोपीय संघातल्या बहुतेक भाषाशाळा संघाबाहेरच्या माणसासाठी कामाचा परवाना काढण्याच्या भानगडीत पडत नाहीत. तिथे तर ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचीही वाट ब्रेक्झिटनंतर अवघड झाली आहे.

एवढी माहिती एका पानावर मावते. माझ्यासारखी एकटी शिक्षिका ती गोळा करू शकते, तर संचालक, सल्लागार आणि विक्री विभाग असलेली संस्था का करू शकत नाही? नियम बदलतात, असं तुम्ही म्हणाल. बदलतात, म्हणून तर तारीख टाकून छापा आणि दर काही महिन्यांनी तपासा. तुमच्या सवलतीच्या जाहिराती त्यापेक्षा जास्त वेळा बदलतात.

दुसरी तक्रार प्रशिक्षणाबद्दल आहे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे माझ्या रोजच्या कामाचं आहे.

नव्या शिक्षकाचा तास चालू आहे असं समजा. धडा आहे ‘यूज्ड टू’चा. त्याने फळ्यावर सुवाच्य अक्षरात वाक्य लिहिलं: ‘ही यूज्ड टू स्मोक’, म्हणजे तो पूर्वी सिगारेट ओढायचा, आता ओढत नाही. मग नियम सांगितला. चांगला सांगितला, उदाहरणं दिली, अस्खलित इंग्रजीत बराच वेळ बोलला. शेवटी वर्गाकडे वळून विचारलं, ‘डू यू अंडरस्टँड?’ सगळ्या माना हलल्या. तो पुढे सरकला. जोडीने बोलायचा सराव सुरू झाला आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्या दोघी त्या माणसाच्या आजच्या सिगारेटींबद्दल बोलत होत्या. त्यांच्या लेखी तो अजून ओढत होता. शिक्षक वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता, त्याच्यापर्यंत हे पोचलंच नाही.

तासानंतर आम्ही बसलो. मी काय ऐकलं ते त्याला सांगितलं. पुढच्या तासाला त्याने तेच वाक्य लिहिलं, खाली काळाची एक रेघ ओढली आणि नियम सांगण्याआधी विचारलं, ‘हा माणूस आज सिगारेट ओढतो का?’ अर्धा वर्ग हो म्हणाला. तो गप्प राहिला, घाई केली नाही. ‘आधी ओढायचा का? एकदाच, की रोज?’ रेघेवर खुणा होत गेल्या. मग त्या दोघींपैकी एक दुसरीला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि दुसरीने वहीतलं खोडून पुन्हा लिहिलं. शिकवणं म्हणतात ते हे. ते त्याला जमलं, कारण त्याच्यासमोर जिवंत माणसं होती आणि मागे बसून ऐकणारं कुणीतरी होतं.

आता तुमच्या 120 तासांकडे बघा. तुमच्यापैकी अनेकांच्या अभ्यासक्रमात हे 120 तास म्हणजे वाचायला दिलेली प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरणाखाली चार पर्यायांचे प्रश्न. उत्तर चुकलं तर पुन्हा द्या, बरोबर येईपर्यंत द्या. उमेदवार एकाही विद्यार्थ्यासमोर उभा न राहता शिक्षक म्हणून बाहेर पडतो. सूचना कशा द्यायच्या, दिलेली सूचना पोचली की नाही हे कसं तपासायचं, आपण किती बोलायचं आणि वर्गाला किती बोलू द्यायचं, दोन मुलं पुढे गेली आणि चार मागे राहिली तर काय करायचं, यातलं काहीच पर्यायी प्रश्नांनी येत नाही.

केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटीचं सर्ट टेसोल ही दोन प्रमाणपत्रं या क्षेत्रात मानाने घेतली जातात ती नुसत्या नावामुळे नाही. दोन्हीकडे खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, ते तास प्रशिक्षक बसून पाहतो, आणि बाहेरचा परीक्षक येऊन सगळं तपासतो. सेल्टात वेगवेगळ्या पातळ्यांचे दोन वर्ग शिकवावे लागतात, अनुभवी शिक्षकांचे तास पाहावे लागतात आणि चार लेखी असाइनमेंट्स असतात. ट्रिनिटीकडे उमेदवाराला एक अनोळखी भाषा काही तास शिकावी लागते, म्हणजे नवख्या विद्यार्थ्याच्या जागी बसल्यावर कसं वाटतं ते अंगावर येतं. जॉन हेक्राफ्ट यांनी 1962 मध्ये लंडनमध्ये शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा जो छोटा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातूनच पुढे सेल्टा वाढलं. थोडक्या वेळात शिक्षकाला पायावर उभं करता येतं, हे त्या परंपरेने दाखवून दिलं आहे. पण त्यासाठी वर्ग लागतो.

सगळ्यांना सेल्टा परवडत नाही, हे मी जाणते. सगळ्यांना महिनाभर नोकरी सोडून पूर्णवेळ बसताही येत नाही. घरबसल्या अभ्यासक्रमाची गरज आहे आणि तो प्रामाणिकपणे देताही येतो: सुरुवातीचा अभ्यास घरी, आणि शेवटी काही तास तरी प्रत्यक्ष वर्गात. तुमच्यापैकी ज्या थोड्या संस्था हे करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ही तक्रार त्यांच्यासाठी नाही.

तिसरी तक्रार मान्यतेची. ‘टेफल’, म्हणजे परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही ते प्रमाणपत्रावर छापू शकतं, आणि जगभरच्या संस्थांना मान्यता देणारी एकच एक अधिकृत यंत्रणाही नाही. त्या मोकळ्या जागेत मान्यतेच्या शिक्क्यांचं पीक आलं आहे. काही शिक्के अशा मंडळांचे असतात, ज्यांचं बाकी कामकाज कुठे दिसत नाही. ‘लेव्हल 5’ असं लिहिलेलं असतं. ही पातळी इंग्लंडच्या पात्रता-चौकटीतली आहे, आणि तिथल्या ऑफक्वाल या नियामकाची नोंदवही कुणालाही फुकट उघडून बघता येते. मग तुमच्या पात्रतेचा तिथला नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर का नसतो? असेल तर छापा. नसेल तर ‘लेव्हल 5’ हे शब्द काढून टाका.

चौथी तक्रार तुमच्या नोकरी-फलकांबद्दल. अभ्यासक्रमाला प्रवेश देताना तुम्ही कुठल्याही देशाच्या माणसाला हसतमुखाने घेता. आणि त्याच संस्थेच्या नोकरी-फलकावर ‘फक्त नेटिव्ह स्पीकर्स’ अशा जाहिराती लावता. एकाच माणसाकडून फी घ्यायची आणि त्यालाच ‘अर्ज करू नये’ म्हणून सांगणारी जाहिरात दाखवायची, या दोन्ही गोष्टी एका छपराखाली चालतात.

जन्माने इंग्रजी बोलणारा तोच आदर्श शिक्षक, ही समजूत 1961 मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेच्या काळापासून या पेशात घट्ट बसली. त्यानंतरच्या भाषाशास्त्राने ती कधीच खोडून काढली. इंग्रजी शिक्षकांच्या सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक असलेल्या टेसोल इंटरनॅशनल असोसिएशनने 2006 मध्ये अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. केवळ मातृभाषक हवेत अशी अट युरोपीय समुदायाच्या कायद्यात बसत नाही, असं युरोपीय आयोगाने 2002 मध्येच सांगितलं. भाषेच्या ए-1 ते सी-2 या पातळ्या ज्या युरोपीय चौकटीतून आल्या, तिच्या 2018 च्या पुरवणी खंडात वर्णनांमधून मातृभाषकाशी केलेली तुलनाच काढून टाकली गेली. विद्यार्थ्याचं मोजमाप त्या मापाने करणं तिथे थांबलं, आणि शिक्षकाचं मोजमाप तुमच्या फलकावर अजून त्याच मापाने चालू आहे.

एका देशाचं सरकार व्हिसासाठी यादी करतं, ते बदलणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण व्हिसाच्या नियमात कुठलीच यादी नसताना एखादी शाळा आपल्या मनाने पासपोर्ट बघते, तेव्हा तिची जाहिरात लावायची की नाही हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मला एक मुलगी आठवते. तिचा डेमो तास मी पाहिला होता; तिच्या वर्गात मुलं आपण होऊन बोलायची, आणि नव्या शिक्षकाकडे ही गोष्ट फार विरळा दिसते. व्हिडिओ मुलाखतीत तिला आधी फोटो मागितला, मग उच्चार ‘न्यूट्रल’ आहे म्हणून शाबासकी दिली, मग देश विचारला, आणि मग सांगितलं की पालकांना अमुक चेहऱ्याचा शिक्षक हवा असतो. तिचा अभ्यासक्रम आणि ती जाहिरात, दोन्ही एकाच संस्थेकडून आली होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिला शिकवण्यातलं काय सुधारायचं हे सांगता येईना, कारण सुधारण्यासारखं तिच्या बाजूला काही नव्हतं.

जिने स्वतः शिकून ही भाषा आपलीशी केली, तिला विद्यार्थी कुठे अडखळणार याचा अंदाज आधीच असतो. तिच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांना, आपल्यासारख्या माणसाला हे जमतं, याचा पुरावा तिच्या रूपाने रोज दिसतो. शाळांना हे पटवून देण्याचं काम तुमचं आहे, कारण या शिक्षकांना तयार केल्याचा दावा तुम्हीच करता.

पाचवी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. पर्यटक व्हिसावर या, काम सुरू करा, कागदपत्रं नंतर बघू, असा सल्ला तुमच्या सल्लागारांनी किंवा तुम्ही जोडून दिलेल्या एजंटांनी उमेदवारांना देऊ नये. पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. पकडला जातो तो शिक्षक, दंड भरतो तो शिक्षक, पासपोर्टवर शिक्का बसतो तोही त्याच्याच. एजंट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला बोलावतो. तसंच, कामावर रुजू होताना मालक पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नका, हे तुमच्या अभ्यासक्रमात कुठेही शिकवलं जात नाही. ओळखपत्रं ताब्यात ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वेठबिगारीच्या खुणांमध्ये धरलेलं आहे. करारात वर्गावरचे तास आणि शाळेत हजर राहण्याचे तास वेगळे लिहिलेत का, व्हिसा त्या एकाच मालकाशी बांधलेला आहे का, नोकरी मध्येच सोडली तर सुटकेचं पत्र, म्हणजे दुसरीकडे जायला मालकाची लेखी संमती, कोण देणार, हे वाचायला एक दुपार पुरते. 120 तासांत ती एक दुपार बसवा.

आणि सहावी: घरबसल्या ऑनलाइन शिकवण्याच्या कमाईची जी चित्रं अजून रंगवली जातात, त्यांतली बरीचशी 2021 च्या आधीची आहेत. त्या वर्षी जुलैमध्ये चीनने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून वर्ग घेण्यालाही मनाई केली. या बाजाराचा मोठा हिस्सा तेव्हा कोसळला. नवी मुलं हे तुमच्याकडून ऐकत नाहीत, प्रमाणपत्र मिळाल्यावर स्वतः शोधून काढतात.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. हे सगळं फी घेण्याआधी सांगितलं तर काही जण परत जातील. जातीलच. जे परत जातील, ते एरवी फसले असते. जे राहतील, ते डोळे उघडे ठेवून राहतील, आपल्याला शक्य असलेला देश निवडून त्यासाठी तयारी करतील, आणि तुमच्या वर्गात जास्त मन लावतील. नव्या उमेदवाराला देश निवडून देताना मी हे नेहमी पाहते: वाट कुठे आहे हे एकदा कळलं की माणूस दुप्पट जोमाने कामाला लागतो. त्याला नाउमेद करते ती उशिरा कळलेली गोष्ट.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. प्रवेशअर्जावर उमेदवाराचं राष्ट्रीयत्व, पदवी आणि शालेय शिक्षणाचं माध्यम विचारा. त्यानुसार कुठल्या देशांत कामाचा व्हिसा मिळू शकतो आणि कुठे नाही, हे तारखेसह लेखी द्या. त्यानंतरच फी घ्या.

2. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवावं लागतं, हा आकडा जाहिरातीत एकूण तासांइतक्याच ठळक अक्षरात छापा. तो शून्य असेल तर शून्य छापा.

3. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव आणि पात्रतेचा नोंदणी क्रमांक द्या. नियामकाच्या नोंदवहीत नसलेली पातळी वापरू नका.

4. राष्ट्रीयत्व, वर्ण किंवा जन्मभाषेच्या अटी घालणाऱ्या नोकऱ्या तुमच्या फलकावर लावू नका. व्हिसाच्या कायद्यामुळे अट असेल तर तो कायदा जाहिरातीत नमूद करायला लावा.

5. पर्यटक व्हिसावर काम सुरू करायला सांगणाऱ्या कुठल्याही एजंटाशी संबंध तोडा.

6. ‘नोकरीची हमी’ लिहायची असेल तर हमी कुठल्या देशातल्या, कुठल्या पासपोर्टसाठीच्या नोकरीची हे लिहा, आणि ती पाळता आली नाही तर पूर्ण फी परत करा. ज्यांना आजवर पासपोर्टची अट न सांगता अशा देशांच्या नावावर प्रवेश दिला, त्यांनी मागितल्यास त्यांचीही फी परत करा.

7. उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांना कामाच्या रीतसर परवान्यावर नोकरी मिळाली, हे राष्ट्रीयत्वानुसार दरवर्षी जाहीर करा. यशोगाथांच्या फोटोंपेक्षा उमेदवाराला याचा उपयोग होईल.

यातल्या पहिल्या मागणीला खर्च जवळपास नाही. ती तुम्ही पुढच्या तुकडीच्या प्रवेशाआधी मान्य करू शकता, आणि तिथूनच सुरुवात व्हावी असा माझा आग्रह आहे.

हे पत्र वाचणाऱ्या आणि परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या सगळ्यांना एकच विनंती. फी भरण्याआधी संस्थेला ई-मेलने तीन प्रश्न विचारा: माझ्या पासपोर्टवर या देशात कामाचा व्हिसा मिळतो का? तुमच्याकडे मी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवणार? तुमच्या पात्रतेची नोंद कुठल्या नियामकाकडे आहे? फोनवर नको, लेखी उत्तर घ्या. मग त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर जाऊन पहिलं उत्तर स्वतः ताडून पाहा. उत्तर टाळलं गेलं तर पैसे भरू नका.

ज्या संस्था या मागण्या मान्य करतील, त्यांची नावं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला स्वतःहून सांगेन, आणि त्यांना देशवार व्हिसाच्या माहितीचं पान तयार करायला मदत लागली तर माझ्याकडे जमवलेलं सगळं विनामोबदला देईन. ज्यांना यातलं काही चुकीचं वाटतं, त्यांनी नेमकं काय चुकलं ते जाहीरपणे लिहावं. मी ते या पत्राबरोबर जोडेन. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका